सल्ला मोबाईलवर आला, पण प्लॉट कोण बघणार?

वाचकांच्या प्रश्नोत्तरांत या वेळी खत-पाणी-फवारणीचे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, कारण एकाच गोष्टीवर सगळीकडून विचारणा झालीये. शेतीचे सल्लागार आता प्लॉटवर, म्हणजे बागेत, कमी आणि ग्रुपवर जास्त दिसतात, अ‍ॅप रोग ओळखतंय, एआय डोस सांगतंय, मग मानायचं कोणाचं. मी स्वतः द्राक्षात सल्ल्याचं काम करतो आणि मीही फोनवर सल्ला देतो, त्यामुळे हे लांबून बघून लिहिलेलं नाही. बऱ्याच जणांनी नाव छापू नका सांगितलंय म्हणून सगळ्यांचीच फक्त गावाकडची ओळख ठेवलीये.

प्रश्न : आमच्या बागेला कित्येक वर्षं एकच सल्लागार आहेत. आधी दर पंधरवड्याला प्लॉटवर यायचे. आता त्यांनी व्हाट्सअप ग्रुप केलाय, पाचशेच्या वर शेतकरी आहेत, रोज सकाळी शेड्यूल टाकतात आणि शनिवारी रात्री झूमवर मीटिंग घेतात. काही विचारलं की फोटो टाका म्हणतात. एकरी फी मात्र तीच. हे बरोबर आहे का, का आम्हीच जुन्या वळणाचे? — द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

काका, जुन्या वळणाचे वगैरे काही नाही तुम्ही. आधी जे मिळत होतं ते आता मिळतंय का, एवढंच बघायचं आहे.

आधी काय मिळायचं बघा. माणूस बागेत शिरला की पहिल्या ओळीपासूनच त्याची नजर फिरायला लागते, काडी किती जाड झालीये, पेर लांब पडलंय का, शेंडा चालतोय का थांबलाय, मग पान उलटं करून मागची बाजू बघणार, ड्रिपरखालची माती उकरून पांढरी मुळी चालू आहे का ते बघणार, आणि हे सगळं चालू असताना तुम्ही त्याला भलतंच काहीतरी विचारत असता. तुम्ही विचारलं भुरीचं आणि तो सांगून गेला की खालच्या अंगाला पाणी साचतंय, आधी तिथला चर मोकळा करा. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळणं, व्हिजिटची खरी किंमत त्यात होती.

फोटोत ते होत नाही. फोटोत तेवढंच दिसतं जेवढं तुम्हाला दाखवावंसं वाटलं. डाऊनी, म्हणजे केवडा रोगाचंच घ्या, पानाच्या वर तेलकट पिवळा डाग आणि त्याच्याच मागे पांढरी बुरशी. शेतकरी वरून फोटो काढतो, ढगाळ उजेड असतो, कॅमेरा हिरवा रंग आणखी हिरवा करून दाखवतो, आणि तिकडून उत्तर येतं बाग छान आहे. यात सल्लागाराची अक्कल कमी पडली असं नाही, त्याला पानाची मागची बाजू कोणी दाखवलीच नाही.

दुसरी गोष्ट शेड्यूलची. ग्रुपवरचं शेड्यूल छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. हवामान सरळ असेल तर चालूनही जातं. पण २०२५ आठवा, मान्सून महाराष्ट्रात मे महिन्यातच येऊन थडकला आणि त्याच्या आधीपासून अवकाळी चालू होता. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमारास नवी काडी तयार करायला करतात ती) साधारण दीड-दोन महिन्यांच्या काळात काडीच्या डोळ्यात घड तयार होत असतो आणि त्याला स्वच्छ ऊन लागतं. ज्यानं एप्रिलच्या सुरुवातीला खरड केली त्याच्या काडीला थोडंतरी ऊन मिळालं, ज्यानं महिनाअखेरीस केली तो नेमका ढगात सापडला, त्यात कोणाची जमीन मुरमाड तर कोणाची भारी काळी, भारी जमिनीत नुसताच शेंडा पळत राहिला. छाटणीनंतरच्या पंचेचाळिसाव्या दिवसाचा मेसेज मात्र दोघांना अगदी एकच. अशा वर्षी फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासणी, म्हणजे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली आत घड आहे का बघणं आणि मग कितव्या डोळ्यावर कात्री लावायची ते ठरवणं, हे ज्याच्या त्याच्या प्लॉटचं वेगळं निघतं. ते ग्रुपवर टाकता येत नाही.

आणि ज्या गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते ती ही, की सल्ला पाचशे जणांना एका मिनिटात पोचतो तशी चूकही पोचते. २०१० ची लिहोसिनची गोष्ट तुम्हाला माहितीच असेल पण नव्या पोरांना माहीत नाही म्हणून लिहितो. वाढ रोखायला लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपल्याकडे सर्रास वापरलं जायचं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे इथले रिपोर्ट स्वच्छ यायचे. युरोपातल्या लॅबनं ते शोधलं, तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपले कंटेनर अडकले. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, सगळे एकमेकांचं ऐकून तेच करत होते. ही व्हाट्सअपच्या आधीची गोष्ट आहे, तेव्हा सवय पसरायला वर्षं लागली होती, आता एक सकाळ पुरते. म्हणून निर्यातीची बाग असेल तर ग्रुपवर आलेलं कुठलंही नवीन औषध पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत शोधल्याशिवाय पंपात घालू नका. ती यादी नेटवर फुकट आहे, प्रत्येक औषधापुढे काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही दिलेलं असतं.

ग्रुप वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. रात्री नऊला कळतं की पहाटे पाऊस आहे, शेजारच्या गावात डाऊनी दिसली हे त्याच दिवशी कळतं, आणि एक-दीड एकरवाला जो कधी सल्लागाराची फी देऊ शकला नसता त्याच्या हातात आज निदान काहीतरी आहे. हे मोठं काम झालंय.

तुम्ही त्यांना सरळ सांगा, साहेब ग्रुप चालू द्या, पण वर्षातून अमुक वेळा प्लॉटवर पाय लागलाच पाहिजे. काडी तपासणीनंतर छाटणी ठरवताना, फेलफूट (नको असलेल्या जादा फुटी) काढायच्या वेळी, फुलोऱ्यात, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) आणि विरळणीच्या आधी, आणि मण्यात पाणी उतरताना. मधलं सगळं फोनवर चालेल. तेवढं जमत नसेल तर फी निम्मी करा म्हणायला संकोच करू नका, ते प्रवासाचा खर्च आणि वेळ वाचवतायत, त्यातला वाटा तुमचाही आहे.

प्रश्न : मला बागेत वेदर स्टेशन बसवायचंय, जमिनीतला ओलावा आणि पानावरचा ओलावा मोजणारं. कंपनीचा माणूस म्हणतो हे बसवलं की सल्लागाराची गरज नाही, मोबाईलवरच सगळं येतं. वडील म्हणतात पैसे पाण्यात. घरात रोज वाद चालू आहे. — तरुण शेतकरी, तासगाव

दादा, अर्धं तुझं खरं आहे आणि अर्धं वडिलांचं, कंपनीच्या माणसाचं मात्र नाही.

सेन्सर काय करतो ते आधी समजून घे. डाऊनीच्या बुरशीला पान ओलं लागतं, पान किती तास ओलं राहिलं आणि त्या वेळी तापमान किती होतं यावरून गणित मांडून अ‍ॅप तुला सांगतं की आज धोका जास्त आहे. म्हणजे ते धोका सांगतं, रोग सांगत नाही. याचा खरा फायदा कुठे होतो माहितीये, जिथे आपण भीतीपोटी फवारणी घेतो तिथे. नुसतं आभाळ आलं की ब्लोअर काढायचा ही सवय आहे आपल्याला. पान कोरडं होतं हे आकड्यात दिसलं तर एक फवारणी वाचते, आणि पाण्याचंही तसंच, वर माती सुकलेली दिसते पण खाली दीड फुटावर भरपूर ओल असते.

आता वडिलांची बाजू. ओलावा मोजणारा प्रोब ड्रिपरच्या अगदी खाली लावला तर कायम ओलं दाखवणार, दोन ड्रिपरच्या मध्ये लावला तर कायम कोरडं. भारी काळ्या जमिनीत भेगा पडल्या की प्रोबभोवती हवा शिरते आणि आकडा भलताच येतो. प्लास्टिक आच्छादन असेल तर आतलं हवामान वेगळं आणि बाहेर खांबावरच्या स्टेशनचं वेगळं. आणि दरवर्षीचं सबस्क्रिप्शन असतं ते विकताना कोणी मोठ्या आवाजात सांगत नाही, ते आधी लेखी घे. स्टेशन बंद पडलं तर किती दिवसात माणूस येणार हेही घे.

मी माझ्यापुरतं जे बघितलंय ते सांगतो, स्टेशन असलेल्या बागेला फोनवर सल्ला देणं मला फार सोपं जातं. शेतकरी म्हणतो काल थोडा पाऊस झाला, थोडा म्हणजे किती हे मला कळत नाही, पण स्क्रीनवर मिलिमीटर आणि ओल्या पानाचे तास दिसले की मी घरी बसून नेमकं बोलू शकतो. म्हणजे यंत्रानं सल्लागार काढून टाकला नाही, त्याच्या फेऱ्या कमी केल्या. तू कंपनीला एकच विचार, माझा डेटा मला डाउनलोड करता येईल का आणि माझ्या सल्लागाराला लॉगिन देता येईल का. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघ. आपल्या बागेचा आकडा आपल्यालाच मिळत नसेल तर काय उपयोग.

खर्चासाठी आजूबाजूचे तिघं-चौघं मिळून एक स्टेशन घेता येतं, हवामानाचं चालतं तसं, ओलाव्याचे प्रोब मात्र प्रत्येकाचे वेगळे लागतील. सरकारच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांवर हवामान केंद्रं आहेत राज्यात, पण ती महसूल मंडळाला एक अशी, तिथला पाऊस आणि तुझ्या बागेतला पाऊस यात कधीकधी काहीच नातं नसतं.

आणि वडिलांशी भांडू नकोस रे. तुमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन जातीच्या द्राक्षबागेतली वेगळी दिसणारी वेल हेरली म्हणून तास-ए-गणेश ही जात महाराष्ट्राला मिळाली, ती नजर कुठल्या यंत्रात नव्हती. वडिलांना म्हण रोज सकाळी तुम्हाला काय वाटतं ते वहीत लिहा, शेजारी मी सेन्सरचा आकडा लिहितो, एक हंगाम दोन्ही ताडून बघू. कुठे यंत्र चुकतं आणि कुठे आपण, दोन्ही कळेल.

प्रश्न : आमचा कापूस आहे. पानं लाल पडायला लागली म्हणून मुलीनं अ‍ॅपवर फोटो टाकला, मॅग्नेशियमची कमतरता आली. दुकानात दाखवलं तर ते म्हणाले तुडतुडे आहेत, आणि तीन औषधं दिली, एकत्रच मारा म्हणाले. काय करू? — शेतकरी महिला, यवतमाळ जिल्हा

ताई, ती तीन औषधं एकत्र करू नका. हे आधी.

तुमच्याच जिल्ह्यात २०१७ ला कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेला होता, अंगावर संरक्षणाचं काही नव्हतं आणि औषधांची मिश्रणं मारली जात होती. कुठल्या औषधात कुठलं मिसळायचं हे डब्याच्या लेबलवर लिहिलेलं नसेल तर दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर मिसळायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. बिल पक्कं घ्या, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर पाहिजे.

आता लाल्याबद्दल. पान लाल होण्याची कारणं एक नाहीत, मॅग्नेशियम आहे, नत्र कमी पडणं आहे, तुडतुडे आहेत, पाणी तुंबून मुळं गुदमरली तरी होतं, बोंडं भरायच्या वेळी रात्री थंडी वाढली तरी होतं. फोटोत या सगळ्यांचा रंग जवळपास सारखाच येतो. अ‍ॅप बिचारं रंगावरून बोलतं. तुम्ही शेतात जाऊन एक करा, सकाळी लवकर, झाडाचं वरचं-मधलं-खालचं पान हळूच उलटं करा, फिकट हिरवे बारीक किडे तिरके पळताना दिसले तर तुडतुडे, पानागणिक सरासरी दोन-तीन दिसले तर उपाय करायची वेळ झाली. पानाच्या कडा खाली वळून आधी पिवळ्या आणि मग लाल झाल्या असतील तरी तिकडेच बोट जातं. किडे नाहीत, शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग लाल, आणि सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून, असं असेल तर अ‍ॅपचं खरं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हेही लक्षात ठेवा, कोण जिंकलं अ‍ॅप का दुकान असं बघायचं नाही.

फोटोवाल्या अ‍ॅपला कापसात जे दिसूच शकत नाही ते म्हणजे गुलाबी बोंडअळी. ती बोंडाच्या आत, बाहेरून बोंड एकदम निरोगी. मुलगी दहा फोटो काढेल आणि अ‍ॅप दहा वेळा पीक चांगलं आहे म्हणेल. त्यासाठी जुनंच काम करावं लागतं, फुलं बघा डोमकळी झालीये का, म्हणजे फूल न उमलता मिटून राहिलंय का, एकरी वीसेक हिरवी बोंडं तोडून फोडून बघा, दोनात अळी निघाली म्हणजे दहा टक्के, मग उपाय करायला थांबायचं नाही. कामगंध सापळे (पतंगांना वासानं ओढणारे) लावले असतील तर एका सापळ्यात रोज आठ पतंग असे लागोपाठ तीन रात्री आले की तीच वेळ. हे आकडे मुलीला लिहून ठेवायला सांगा आणि तारखेसकट कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला पाठवा, नुसत्या फोटोपेक्षा या आकड्यांवर ते शंभर पट चांगलं सांगतील. राज्यात २००९ पासून क्रॉपसॅप नावाची सरकारी योजना नेमकी याच पद्धतीवर चालते, माणूस शेतात जाऊन किडी मोजतो, मोजणी मोबाईल-कॉम्प्युटरवर जाते, विद्यापीठातले शास्त्रज्ञ ती बघून सल्ला काढतात. सुरुवात शेतातल्या मोजणीपासून होते म्हणून तिला अर्थ आहे.

अजून एक, ताई. अ‍ॅपनं रोग सांगितल्यावर खाली लगेच औषध विकत घ्यायचं बटण येतं का बघा. दुकानदार सल्ला फुकट देतो कारण त्याची कमाई बाटलीवर आहे, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या माहिती आहे आणि आपण तेवढं वजा करून ऐकतो. अ‍ॅपच्या बाबतीतही तेवढंच वजा करून ऐका. अ‍ॅप ठेवा, मुलीला त्यातून किडी-रोगांची ओळख होतेय हे फार चांगलं आहे, पण आत्ता फवारायची गरज नाही असं ते कधी सांगतं का यावर लक्ष ठेवा. न फवारण्याचा सल्ला जो देऊ शकतो त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा असं माझं मत आहे.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, गावी सांगोल्याला डाळिंब आहे, वडील बघतात. मी चॅटजीपीटीला सगळं विचारून वडिलांना फोनवर डोस सांगतो. उत्तरं एवढी व्यवस्थित येतात की सल्लागार बंद करावा असं वाटतंय. — वाचक, पुणे

बंद करू नका.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. डाळिंबाच्या खोडकिडीला छिद्रात डायक्लोरव्हॉस सोडा, वर चिखलानं बंद करा, हे जुन्या पुस्तिकांत, लेखांत, कृषी दिनदर्शिकांत जागोजाग छापलेलं आहे आणि ते सगळं आज नेटवर पडून आहे. डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस ही औषधं २०१८ च्या सरकारी आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. जुनं साहित्य कोणी पुसलेलं नाही. एआयनं वाचलंय ते सगळं एकत्रच, जुनं आणि नवं, आणि उत्तर देताना त्याचा आवाज दोन्हीला सारखाच ठाम असतो. माणूस अडखळतो, थांबा बघून सांगतो म्हणतो, त्या अडखळण्यावरून आपल्याला कळतं की इथे त्याची खात्री नाही. एआय अडखळत नाही आणि म्हणून सावध राहायचं.

डोसमध्ये तर आणखी गोंधळ. एकच घटक पाच कंपन्यांचा पाच टक्केवारीत येतो, लिटरला किती आणि एकरी किती यात गल्लत झाली की झाड जळतं किंवा औषध वाया जातं. डोस फक्त डब्याच्या लेबलवरून, दुसरीकडून नाही.

मग एआयचा उपयोग काय, तर भरपूर आहे. माती-पाण्याचा रिपोर्ट आला की त्यातल्या शब्दांचा अर्थ काय, लेबलवरचं बारीक इंग्रजी मराठीत काय, सल्लागाराला कोणते प्रश्न विचारू, हंगामाच्या नोंदी नीट कशा लावू, यासाठी जरूर वापरा. राज्य सरकारनं २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर महाविस्तार नावाचं एआय अ‍ॅप आणलंय, ते मराठीतून बोलतं आणि शेतीच्या अधिकृत माहितीवर चालावं असा उद्देश आहे, परदेशी चॅटबॉटपेक्षा डाळिंबासाठी ते आधी विचारून बघा. बारामतीला कृषी विज्ञान केंद्रानं ऊसात एआयचं मोठं काम सुरू केलंय, उपग्रहाची चित्रं, जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र असं सगळं जोडून, आणि तिथेही मागे शेतात उभी राहणारी माणसं आहेतच.

पण मला तुमच्या पत्रात खरं खटकलं ते वेगळंच. झाडाजवळ वडील आहेत, प्रश्न तुम्ही विचारताय. वडिलांनी तुम्हाला सांगितलं फळावर डाग आहेत, तुम्ही टाईप केलं डाग आहेत, मधे काय काय गळालं असेल बघा, डाग काळा का तपकिरी, त्यावर चीर गेलीये का, पानावरही आहे का, नवीन पावसानंतर आलाय का. तेल्या, म्हणजे जिवाणूंमुळे येणारा डाग, आणि साधा बुरशीचा ठिपका यातला फरक याच तपशिलात असतो. वडिलांच्या हातात फोन द्या, त्यांनाच बोलू द्या, या अ‍ॅपना आता आवाजातून विचारता येतं. आणि सल्लागारासोबत व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा तुम्ही गप्प राहून ऐका, वडिलांना बागेतून चालत चालत दाखवू द्या. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सांगोल्याहून लांब नाही, संशयाचा डाग असेल तर फळ आणि फांदी पिशवीत घालून वडिलांना एकदा तिकडे पाठवाच.

प्रश्न : सल्लागाराला फोनपेवर फी दिली, त्याच्या मेसेजप्रमाणे फवारलं, घड करपले. आता तो फोन उचलत नाही आणि ग्रुपमधूनही काढून टाकलं. — द्राक्ष बागायतदार, सोलापूर जिल्हा

वाईट झालं. ग्रुपमधून काढलं तरी जुने मेसेज तुमच्या फोनमध्ये आहेत, ते आजच्या आज एक्सपोर्ट करून मेलवर ठेवा, स्क्रीनशॉट काढा, फी दिल्याची नोंद, औषधाचं बिल, उरलेली बाटली सगळं जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पाहणी करून घ्या, आणि ते येईपर्यंत करपलेले घड छाटून टाकू नका. पैसे देऊन घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, १९१५ या नंबरवर आधी माहिती घ्या. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. सल्ल्यामुळेच नुकसान झालं हे सिद्ध करणं सोपं नसतं, पाण्याचा पीएच, त्या दिवशीचं ऊन, पंपाचा नोझल असे दहा मुद्दे समोरून येतील, म्हणून फवारणीच्या दिवसाचा जेवढा तपशील आठवतोय तेवढा आताच लिहून काढा.

बाकीच्यांनी यातून एवढं करावं, सल्ला ऑडिओ क्लिपमध्ये आला तर त्याला लेखी टाका म्हणायचं. प्लॉटचं नाव, तारीख, औषध, प्रमाण. जो खरा सल्लागार आहे त्याला हे लिहायला दोन मिनिटं लागतात आणि तो नाही म्हणत नाही.

प्रश्न : बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सल्लागार व्हायचं होतं पण एआय बघून भीती वाटते. — विद्यार्थिनी, राहुरी

शेड्यूल कॉपी करून पाठवणारे सल्लागार जाणार, त्यांचं काम एआय आजच जास्त चांगलं करतं. तू ते काम शिकूच नकोस. सूक्ष्मदर्शकाखाली काडी तपासायला शीक, देठ परीक्षणाचा (पानाचा देठ लॅबमध्ये तपासून अन्नद्रव्यं बघण्याचा) रिपोर्ट वाचून त्या शेतकऱ्याच्या खिशाला झेपेल असं खत सुचवायला शीक, पंपाचं कॅलिब्रेशन, निर्यातीसाठी औषधाच्या अवशेषांचे नियम, सेन्सरचा ग्राफ वाचणं. एक पीक पकड आणि त्यात एवढी खोल जा की लोकांनी तुझ्यासाठी गाडी पाठवली पाहिजे. आणि औषधाचं कमिशन घ्यायचं नाही हे पहिल्या दिवशी ठरवून टाक, फी घे, हक्कानं घे, पण बाटलीवर कमवायचं नाही. हे करणारी मुलं-मुली आपल्याकडे फार कमी आहेत आणि लोक त्यांना शोधतायत, हे मी रोज बघतो.

प्रश्न : तुम्ही सगळे अ‍ॅप आणि एआयबद्दल बोलता, आमच्या वाडीवर रेंजच नाही. आंबा-काजू आहे. आम्ही काय करायचं? — बागायतदार, दापोली तालुका

दादा, तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण यावर मला जरा जास्त बोलायचं होतं.

हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, विद्यापीठाच्या लोकांनी तयार केलेला, पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजावर. तुमच्याकडे तर दापोलीचं कृषी विद्यापीठच उशाला आहे. पण अंदाज येणं आणि त्याचं काय करायचं ते कळणं यात मधे माणूस लागतो. देशभरात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं काढली होती, तालुक्याच्या पातळीवर अंदाज समजावून सांगायचं, शेतकऱ्यांचे ग्रुप चालवायचं काम तिथली माणसं करायची. २०२४ मध्ये ती बंद केली. मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. मोहोर फुटलाय, दोन दिवसांनी ढग येणार, फवारणी आज घेऊ का थांबू, पावसाच्या आकड्यातून याचं उत्तर आपोआप पडत नाही, तिथे स्थानिक बाग माहीत असलेला माणूस हवा होता आणि तो होता.

आता तुमच्या हातात काय आहे. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१, साध्या बटणाच्या फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात. २००४ पासून चालू आहे आणि आपले लोक त्याला विसरलेत. विद्यापीठाचं आंब्याच्या मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक छापील मिळतं, ते आणून घरात भिंतीला लावा, पण त्यातलं औषध दुकानात मागायच्या आधी ते अजून चालू आहे का एवढं विचारा. रेंज जिथे येते तिथे, बाजाराला जाल तेव्हा, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मेघदूत अ‍ॅपवर उघडून बघा, परत येईपर्यंत तेवढा पुरतो.

आणि कॉल सेंटरला फोन कराल तेव्हा जमलं तर रेंजच्या जागी एक डहाळी सोबत घेऊन जा, मोहोराची आणि पानाची, पिशवीत. पलीकडचा माणूस विचारणार, तुडतुडे आहेत का फुलकिडे, मोहोर काळा पडलाय का नुसता चिकट झालाय, पहिला मोहोर आहे का पुन्हा आलेला, झाड किती वर्षांचं, शेवटची फवारणी कसली आणि कधी. डहाळी हातात असली की तिथल्या तिथे बघून सांगता येतं.